कुळीथ बोलायला लागले की कढई उतरवा

माझं माहेर साताऱ्याच्या माण तालुक्यातलं आणि सासर सिंधुदुर्गात, कुडाळपासून थोडं आत. माहेरी आम्ही ज्याला हुलगा म्हणायचो त्यालाच सासरी कुळीथ म्हणतात, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात जेवायला बसल्यावर कळलं. सासूबाईंनी गरम भातावर तपकिरी, सरसरीत असं काहीतरी वाढलं आणि बाजूला चुलीत भाजलेला सुका बांगडा ठेवला. घास तोंडाजवळ नेला तसा ओळखीचा वास आला. पेरणीच्या दिवसांत आमच्या गोठ्यासमोर बैलांसाठी मोठ्या पातेल्यात हुलगे शिजायचे, तोच हा वास. मी बोलून गेले, "आई, हे आमच्याकडे बैलांना घालतात." सासूबाईंनी पळी पुन्हा भातावर रिती केली आणि म्हणाल्या, "मगे, बैल बळाचे होते मां?"

होतेच बळाचे. हलक्या, मुरमाड रानात दुसरं काही हाताला लागत नाही तिथेही हुलगा येतो, आणि दिवसभर औत ओढणाऱ्या जनावराला तो पुरतो. इंग्रजीतसुद्धा त्याचं नाव घोड्यावरूनच पडलं आहे, हॉर्स ग्रॅम. कोकणात हेच पीक भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर येतं. खत नाही, पाणी नाही. शिमग्याच्या आसपास झाडं उपटून खळ्यावर आणायची, उन्हात कडकडीत वाळवायची आणि काठीने झोडपायची.

मी एकोणतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होते. आता निवृत्त आहे. एवढ्या वर्षांत कुळथाबद्दल मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच: "सिस्टर, खडा झालाय, कुळथाचं पाणी किती प्यायचं?" त्याचं उत्तर मी खाली सविस्तर देणार आहे. पण प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी पिठी, म्हणजे कुळथाच्या पिठाची भातावरची आमटी, करायला शिकवते. खडा झाला की लोक महिनाभर नाक दाबून कढण, म्हणजे कुळीथ उकळून काढलेलं पाणी, पितात, दुखणं थांबलं की कुळथाची पिशवी फडताळात मागे जाते आणि पुढच्या वर्षी भुंग्यासकट बाहेर येते. कुळीथ आठवड्यातून एक-दोनदा ताटात आला पाहिजे, आणि ताटात यायचा असेल तर तो चवीला चांगला झाला पाहिजे. म्हणून सुरुवात चुलीपासून.

निवडणं आणि रोळणं

बाजारात कुळीथ फिकट तांबूस, गडद तपकिरी आणि काळपट अशा रंगांत दिसतो. रंगावर जाऊ नका. दाणा मुठीत घेऊन कानाजवळ हलवा. चांगला वाळलेला असेल तर खडखड वाजतो. दाण्याला सुईने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर तो माल घेऊ नका, आतून भुंग्याने पोखरलेला असतो. शक्यतो फाल्गुन-चैत्रात नवा माल आल्यावर वर्षाचा एकदम घ्यावा, दोन कडक उन्हं द्यावीत आणि भरून ठेवावा. आमच्याकडे चुलीतली चाळलेली राख दाण्यांना चोळून ठेवायची पद्धत आहे. गॅसच्या घरात राख नसते, तेव्हा उन्हातून काढून गार झालेले कुळीथ घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि डब्यात ओला हात घालू नका.

आता निवडणं. यात घाई केली की पुढचं सगळं वाया. कुळीथ खळ्यावर जमिनीलगत झोडपला जातो, त्यामुळे त्यात खडे असतातच. अडचण अशी की खडा आणि दाणा रंगाला सारखे, आकारालाही जवळपास सारखे. तांदळातला खडा लांबून दिसतो, कुळथातला हाताला लागतो. स्टीलच्या ताटात एका वेळी मूठभरच दाणे घ्या, उजेडाकडे तोंड करून बसा आणि तळहाताने हलके पसरा. कुळथाचा दाणा चपटा आणि गुळगुळीत असतो, एका कडेला बारीक पांढुरका डोळा असतो. हात फिरवला की तो सरकतो. खडा सरकत नाही, अडतो. डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा.

भिजवायचे कुळीथ असतील तर निवडून झाल्यावर रोळूनही घ्या. मोठ्या पातेल्यात दाणे आणि भरपूर पाणी घ्यायचं, पातेलं हलकंसं गोल फिरवायचं आणि दाणे पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात थोडे थोडे ओतायचे. शेवटची मूठ खाली उरते तिच्यात खडे बसलेले असतात. पिठीसाठी मात्र कुळीथ धुवायचे नाहीत, ओलसर फडक्याने पुसून तासभर वाऱ्यावर ठेवायचे.

भाजणं

पिठी म्हणजे भाजून, साल काढून दळलेलं कुळथाचं पीठ. आणि त्या पिठाची भातावर घ्यायची पातळ आमटी, तीही पिठीच. घरात कुणी "पिठी संपली" म्हणालं तर डबा की टोप ते प्रसंगावरून समजायचं.

एक किलो कुळीथ घ्या आणि दोन घाण्यांत भाजा. जाड लोखंडी कढई हवी. आच मध्यम. कढई तापल्यावर दाणे टाका आणि त्यानंतर उलथनं थांबवू नका. पहिली चार-पाच मिनिटं काहीच घडत नाही, मग कच्चा, मातकट वास येतो. हा वास जाईपर्यंत भाजायचं. आठव्या-नवव्या मिनिटाला एखादा दाणा तडकतो, मग दुसरा, मग कढईभर बारीक तडतड सुरू होते. सासूबाईंनी मला एवढंच सांगितलं होतं, "कुळीथ बोलाक लागले काय कढई उतरय." चाळीस वर्षं होत आली, मला यापेक्षा चांगली खूण सापडलेली नाही. रंगावर अवलंबून राहिलात तर फसाल, कारण दाणा आधीच तपकिरी असतो, त्याचा रंग किती बदलला ते कळत नाही. कानाने भाजा. तडतड सुरू झाल्यावर अर्धं मिनिट हलवून लगेच परातीत पसरा. कढईत ठेवले तर कढईच्या उष्णतेने भाजत राहतात.

पहिल्या वर्षी मी ते ऐकलं नाही. बोलायला लागल्यावरही मी "जरा खमंग" म्हणून दोन मिनिटं जास्त ठेवले. ती पिठी कडू झाली. कितीही गूळ, कितीही खोबरं घाला, जळलेल्या कुळथाचा कडूपणा झाकत नाही. पूर्ण दोन किलो पीठ होतं. सासूबाई रागावल्या नाहीत, त्यांनी ते गाईच्या आंबोणात थोडं थोडं संपवलं आणि पुढच्या खेपेला माझ्याशेजारी पाट घेऊन बसल्या.

दाणा पूर्ण गार झाला की भरडायचा. जातं असेल तर उत्तम: जाड भरड काढायची, म्हणजे दाण्याची डाळ होते आणि साल सुटते. जातं नसेल तर मिक्सरमध्ये एका वेळी एकच वाटी घेऊन दोन-तीनदा थांबत थांबत फिरवा, पीठ होऊ देऊ नका. मग सुपात घेऊन पाखडा. फोलपटं उडून पुढे येतात, डाळ मागे राहते. सगळी साल गेली नाही तरी चालतं, थोडी राहावीच, तिच्याने पिठीला रंग येतो. शेवटी डाळ बारीक दळा. गिरणीत देणार असाल तर आपल्या आधी काय दळलंय ते विचारा. गव्हानंतर चालतं, हरभरा डाळीनंतर तर उत्तमच, मिरचीनंतर नको. किलोभर कुळथाचं पाऊण किलोच्या आसपास पीठ हाती येतं आणि कोरड्या बरणीत पाच-सहा महिने सहज राहतं.

पिठी

चार माणसांना चार मोठे चमचे पिठी पुरते. एका वाडग्यात ती गार पाण्यात कालवून घ्या, गुठळी राहू देऊ नका. पाणी गारच हवं, कोमट घेतलंत तर कडेने लगेच गोळे धरतात.

टोपात दोन चमचे तेल तापवा. मोहरी, हिंग, मग आठ-दहा लसूणपाकळ्या सालीसकट ठेचून टाका. साल राहू द्या, तिच्यामुळे लसूण जळत नाही. लसूण तांबूस झाला की एक बारीक चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, पाव चमचा हळद. कांदा मऊ झाला की चार वाट्या पाणी आणि तीन-चार सोलं घाला. सोलं म्हणजे आमसुलं. पाण्याला खळखळ उकळी आली की कालवलेली पिठी एका हाताने धारेने सोडा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. मीठ घाला. आता आच कमी करा आणि सात-आठ मिनिटं शिजू द्या. सुरुवातीला वर फेस येतो. फेस बसला, पिठी चकचकीत दिसायला लागली आणि पळीच्या पाठीवर पातळ थर धरायला लागली की झाली. मूठभर ओलं खोबरं, कोथिंबीर, आणि गॅस बंद. ताटात येईपर्यंत ती आणखी दाट होते, म्हणून टोपात थोडी पातळच ठेवा.

सोलं विसरू नका आणि त्यांच्या जागी चिंचही घालू नका. कुळीथ तुरट आहे, कोकमाच्या आंबटपणाने तो तुरटपणा गोलावतो. चिंचेने पिठी काळपट दिसते आणि चवही जड होते, असं माझं मत आहे.

बरोबर काय? सुक्या बांगड्याला तोड नाही. निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचा, काटा काढायचा, वर खोबरेल तेलाचे चार थेंब. शाकाहारी घरात भाजलेला पोह्याचा पापड आणि तळलेली सांडगी मिरची. पावसाची झड लागलेली असताना, भाजी बाजारात आलेली नसताना, हे जेवण दहा मिनिटांत होतं. आमच्या केंद्रावर रात्रपाळी असली की मी पिठी आणि भात डब्यात न्यायची. बाळंतपण आटोपून पहाटे चारला गार भातावर ती घेतली तरी पोटाला ऊब यायची.

पौष्टिकतेचं थोडं सांगते. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, चरबी एक ग्रॅमसुद्धा नसते, आणि कॅल्शियम पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. लोहही चांगलं असतं, पण डाळींतल्या फायटेटमुळे आणि सालीतल्या टॅनिनमुळे ते सगळं अंगी लागत नाही. म्हणून रक्त कमी असलेल्या बायकांना मी मोड आलेल्या कुळथाची उसळ आणि वर लिंबू पिळायला सांगते. मोड आले की फायटेट कमी होतं आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं. जेवल्यावर तासभर चहा नको. उसळीसाठी कुळीथ दहा-बारा तास भिजवा, पाणी फेका, फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवा. थंडीत मोडाला दीड दिवस लागतो. मात्र हे मोड कच्चे खाऊ नका. कच्च्या कुळथात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते शिजवल्यावरच जातात. पोटात वायू धरतो तो याच कच्चेपणाने आणि न पचणाऱ्या काही साखरांमुळे. भिजवणं, मोड आणणं आणि हिंग-लसूण यांनी तो बराच कमी होतो.

कढण

आयुर्वेदात याला कुलत्थ यूष म्हणतात. शार्ङ्गधर संहितेत यूषाचं प्रमाण दिलं आहे: एक पळ द्रव्य, एक प्रस्थ पाणी. पळ म्हणजे चार तोळे, आणि सोळा पळांचा एक प्रस्थ. म्हणजे धान्याच्या सोळापट पाणी. त्यात सुंठ आणि पिंपळी. आजच्या मापात पन्नास ग्रॅम कुळथाला आठशे मिलिलिटर पाणी झालं. घरोघरचं कढणही साधारण याच मापाचं असतं, कुणी ग्रंथ न वाचता.

पन्नास ग्रॅम, म्हणजे अर्धी वाटीला थोडे कमी, कुळीथ निवडून, रोळून रात्री भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून द्या, ताजं आठशे मिलिलिटर घ्या आणि जाड बुडाच्या टोपात मंद आचेवर उकळत ठेवा. पाऊण तासाने दाणा बोटांत चिरडेल आणि पाणी निम्म्यावर येईल. कुकरमध्ये करायचं तर पाणी थोडं कमी घ्या आणि सहा-सात शिट्ट्या काढा, पण पाणी आटवणं कुकरमध्ये होत नाही, मग ते झाकण काढून आटवावं लागतं. गाळून घ्या. चोथ्यातले दोन चमचे दाणे वाटून परत त्याच पाण्यात मिसळा, कढणाला अंग येतं. लोखंडी पळीत चमचाभर तूप, जिरं, चिमूटभर हिंग, दोन ठेचलेल्या लसूणपाकळ्या. वर फोडणी द्या, सैंधव आणि चिमूटभर सुंठ घाला, एक सोल टाका. गरम असताना प्या. उरलेल्या दाण्यांची कांदा-खोबरं घालून सुकी उसळ करा. गोव्यातल्या घरांतही असंच करतात, पाण्याचं सार आणि दाण्यांची भाजी.

सर्दीने डोकं जड झालं असेल, छातीत कफ घुरघुरत असेल, तर संध्याकाळी एक वाटी हे कढण आणि त्यात दोन मिरे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सत्ताविसाव्या अध्यायात, कुळथाचे गुण सांगितले आहेत: उष्ण, तुरट, कफ आणि वात कमी करणारा, ग्राही म्हणजे मळ बांधून आणणारा, आणि खोकला, उचकी, दमा, मूळव्याध यांत हितकर. सुश्रुतांनी आणि वाग्भटांनी त्यात अश्मरी म्हणजे खडा घातला. भावप्रकाशात तो घाम आवरणारा आणि मेद कमी करणारा सांगितला आहे. फार घाम येणाऱ्याच्या अंगाला भाजलेल्या कुळथाचं कोरडं पीठ चोळायचं ते त्यामुळेच. माझ्या नणंदेच्या तळहातांना परीक्षेत पेपर भिजण्याइतका घाम यायचा, ती पिठीची पुरचुंडी बरोबर नेत असे.

बाळंतिणींना नातेवाईक थर्मासमधून कढण घेऊन यायचे. सुश्रुतसंहितेत बाळंतिणीला जव, बोर आणि कुळीथ घालून केलेल्या रसाबरोबर भात द्यायला सांगितला आहे. मी ते कढण कधी अडवलं नाही, फक्त मिरची आणि मिरे कमी करायला सांगायचे.

रात्रभर भिजवलेल्या कुळथाचं कच्चं पाणी सकाळी पिण्याचा सल्ला हल्ली मोबाईलवर फिरतो. मी तो देत नाही. खळ्यावरची माती, जनावरांच्या पायाखालून आलेला दाणा आणि रात्रभर उबेत आंबलेलं पाणी हे मी कुणाच्या आजाऱ्याला देणार नाही. उकळा, मग द्या.

खडा असेल तर

२०१६ च्या दिवाळीनंतर आमच्या ह्यांना पहाटे कमरेतून कळ आली. डाव्या कुशीतून जांघेत उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला ५ मिलिमीटरचा खडा दिसला. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं, भरपूर पाणी सांगितलं आणि दोन आठवडे वाट बघू म्हणाले. एवढे लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. मी रोज सकाळी एक पेला कढण सुरू केलं, तिखट न घालता. लघवी फडक्यातून गाळायला सांगितली होती. अकराव्या दिवशी फडक्यावर तिळाएवढा, तपकिरी, एका बाजूने खरखरीत खडा मिळाला. तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. बहुतेकांचे तसेच असतात.

कढणाने तो पडला का? मी तसं छातीठोकपणे कुणाला सांगत नाही. तो पाण्यानेही पडला असता. कढणाने लघवी मोकळी होते असा आमच्या घराचा आणि कितीतरी घरांचा अनुभव आहे, आणि एक पेला कढण म्हणजे एक पेला पाणीही आहेच. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी हवं. रंग फिकट पिवळा राहिला पाहिजे. पाणी न पिता नुसतं कढण प्यायलात तर काही उपयोग नाही.

आता माझ्या शेजारणीचं सांगते. तिलाही खडा होता. कळ आली, तिने कुळीथ सुरू केला. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, तरी ती "कढणाने उतरेल" म्हणून घरी थांबली. मी सुट्टीवर माहेरी होते. तिसऱ्या दिवशी परतले, तिचं अंग हाताला चटका देत होतं आणि ती बोलताना अडखळत होती. आम्ही तिला गाडीत घातलं. खड्याने वाट अडली होती आणि मागे मूत्रपिंडात पू झाला होता. नळी घालून तो काढला, ती वाचली. तेव्हापासून मी प्रत्येकाला हे सांगते: खडा असताना ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात किंवा लघवीतून रक्त यायला लागलं तर कुळथाचा टोप तसाच ठेवा आणि त्याच तासाला दवाखाना गाठा. आणि सोनोग्राफी न करता नुसत्या कमरेच्या दुखण्यावर खड्याचं औषध घेऊ नका. खडा ७-८ मिलिमीटरच्या पुढचा असेल तर त्यावर कढणाची भिस्त ठेवू नका, डॉक्टर सांगतील ते करा.

कुणी बेताने घ्यावा

वाग्भटांच्या अष्टांगहृदयात कुळथाबद्दल एक शब्द आहे, "पित्तास्रद", म्हणजे पित्त आणि रक्तदोष वाढवणारा. तो शब्द मी स्वतःच्या अंगावर अनुभवला. एका मे महिन्यात वजन कमी करायच्या नादात मी रोज दोन वेळा कढण घेतलं. आठव्या दिवशी तोंडात फोड आले, पोटात जळजळ, लघवीला आग. बंद केलं, चार दिवस ताक आणि कोकमाचं सरबत घेतलं, मग शांत झालं. सासूबाई चैत्र-वैशाखात पिठी आठ-पंधरा दिवसांनीच करायच्या, पावसाळ्यात मात्र आठवड्यातून तीनदा. त्यांनी त्याचं कारण कधी सांगितलं नाही.

ज्यांना आम्लपित्त आहे, घोळणा फुटतो, अंगाची आग होते किंवा पाळीत फार रक्त जातं, त्यांनी कुळीथ थंडी-पावसातच आणि कमी घ्यावा, सोबत तूप आणि खोबरं असावं. गरोदर बाईने औषध म्हणून कढण घेऊ नये, जेवणात क्वचित पिठी आली तर घाबरण्याचं कारण नाही, पण आपल्या डॉक्टरांना विचारावं. मूत्रपिंडच निकामी व्हायला लागलं असेल तर खड्यासाठीचं कढण परस्पर सुरू करू नये, तिथे प्रथिनं आणि पोटॅशियम मोजून द्यावी लागतात. यूरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनीही आधी विचारावं. सुश्रुत आणि वाग्भट दोघांनीही तो शुक्र कमी करणारा म्हटला आहे, त्यामुळे मूल हवं असलेल्या जोडप्याला आमच्या ओळखीचे वैद्य रोजच्या कढणाला नाही म्हणतात.

आणि दूध. चरकांनी दुधाबरोबर न घ्यायच्या पदार्थांत कुळीथ, उडीद, वाल यांची नावं घेतली आहेत. हे माझ्या माहेरच्या माडग्याशी जुळत नाही, आणि मला त्याचा बराच विचार करावा लागला. माणमध्ये सर्दी-पडशाला हुलग्याचं माडगं करतात: भाजलेल्या पिठाचे दोन चमचे तीन वाट्या पाण्यात कालवायचे, उकळायचे, गूळ, चिमूट मीठ, सुंठ घालायची आणि कितीतरी घरांत शेवटी अर्धी वाटी दूध. माझी आई दूध घालायची. मी आता घालत नाही. गूळ थोडा वाढवते आणि चमचाभर तूप सोडते. चव आईच्या माडग्याची येत नाही, पण नातवंडं पितात आणि रात्री शांत झोपतात.

न भाजलेलं पीठ घरात असेल तर शेंगोळे करून बघा, जुन्नर-नगरकडे करतात तसे. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून, थोडं गव्हाचं पीठ घालून घट्ट मळायचं, तळहाताने करंगळीएवढ्या वळ्या वळून टोकं जोडायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. अर्ध्या तासात पाणी दाट होतं आणि शेंगोळा आतपर्यंत शिजतो. तोडून बघा, मधे पांढरी कच्ची रेघ दिसली तर आणखी पाच मिनिटं.

रात्रीची पिठी उरली तर ती टाकायची नाही. सकाळपर्यंत टोपात ती घट्ट थापीसारखी होते. त्यात पाणी घालू नका. तव्यावर थोडं तेल, दोन लसूणपाकळ्या, आणि तो घट्ट गोळा परतून कोरडा करा. तांदळाच्या गरम भाकरीबरोबर खा, शेजारी कच्चा कांदा फोडून.